गच्चीवरची खरखर

सोलर बसवलं, बिल उतरलं, घरचे खूश. आणि मग एका रविवारी मोबाइलवर लाल अक्षरांत मेसेज आला, ‘आर्क फॉल्ट’. तो मेसेज बंद करणं अगदी सोपं होतं. सेटिंगमध्ये जाऊन एक बटण दाबायचं, बस्स!

रविवार सकाळ, साडेदहा. गंगापूर रोडवर राहणाऱ्या माणसाने या वेळी कुठे असायला हवं? बारदान फाट्याकडे, मिसळीच्या रांगेत. मीही निघालेच होते. गाडीची चावी हातात, मैत्रीण आकाशवाणी टॉवरपाशी उभी राहून मिस्ड कॉलवर मिस्ड कॉल देतेय. तेवढ्यात मोबाइल थरथरला. मला वाटलं तिचाच मेसेज. पण तो होता आमच्या गच्चीवरच्या सोलरचा. ‘डीसी आर्क फॉल्ट. इन्व्हर्टर बंद करण्यात आला आहे.’

बाबांना दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, मेसेज वाचला आणि म्हणाले, “फॉल्ट-बिल्ट काही नाही गं. परवाच तर बिल शून्य आलंय.”

आमच्या बाबांचं हे असं आहे. बिल शून्य म्हणजे जगात सगळं ठीक. २०२४ च्या फेब्रुवारीत पीएम सूर्यघर योजना आली आणि तीन किलोवॅटला ७८ हजार सबसिडी मिळते हे कळल्यापासून त्यांना दुसरं काही सुचेना. आमच्या गल्लीत तर साथच आली होती. रोज कुणाच्या ना कुणाच्या गच्चीवर लोखंडी सांगाडा चढायचा. आमच्याकडे ५४० वॅटची सहा पॅनेल्स बसली, खाली जिन्यात इन्व्हर्टर लागला, महावितरणचं नेट मीटर आलं. आईची तेवढी एकच तक्रार होती, वाळवणाची जागा गेली. त्यावरही तोडगा निघाला. तिने पॅनेलच्या शेजारी खाट टाकली आणि पापड त्यावर.

मी इन्व्हर्टर रीसेट केला, तो सुरू झाला, आम्ही मिसळ खाऊन आलो. विषय संपला.

सोमवारी अकराला परत तोच मेसेज. मंगळवारी साडेअकराला परत. मी तेव्हा ऑफिसमध्ये रिव्ह्यू मीटिंगला बसलेले. बॉस स्लाइडवर बोलतोय आणि माझा फोन टेबलावर गुरगुरतोय. लंच ब्रेकमध्ये सोलर बसवून देणाऱ्या पोराला फोन लावला. पोरगा चांगला आहे हो, ‘ताई ताई’ करतो. म्हणाला, “ताई, ते फॉल्स अलार्म देतं. एएफसीआय नावाचं फीचर आहे, ॲपमध्ये जाऊन बंद करून टाका. सगळे तेच करतात.”

संध्याकाळी घरी आल्यावर मी खरंच ॲप उघडलं. सेटिंग, सेफ्टी, एएफसीआय. समोर छोटंसं हिरवं बटण. अंगठा त्याच्यावर होता. तेवढ्यात हॉलमधून आवाज आला, “कुठला सप्लाय म्हणालीस? डीसी?”

मामा आले होते.

इगतपुरीची वीज

मामांबद्दल थोडं सांगायला हवं. ते रेल्वेत होते, उमेदीची सगळी वर्षं इगतपुरीला विजेच्या इंजिनांवर. आता आपल्या पिढीला इगतपुरी म्हणजे धबधबे, विपश्यना आणि वीकएन्ड रिसॉर्ट. पण विजेच्या माणसाला इगतपुरी म्हणजे सीमा. ३ फेब्रुवारी १९२५ ला मुंबईत व्हीटी ते कुर्ला देशातली पहिली विजेची गाडी धावली ती १५०० व्होल्टच्या डीसीवर, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर. पाचेक वर्षांत ती डीसी घाट चढून इगतपुरीपर्यंत आली. पुढे भुसावळच्या बाजूला वीज आली ती मात्र २५ हजार व्होल्टची एसी, दर क्षणाला दिशा बदलणारी. त्यामुळे कित्येक वर्षं मुंबईची गाडी इगतपुरीला थांबायची, एक इंजिन सुटायचं, दुसरं लागायचं. आपले आईबाबा तेवढ्यात उतरून वडापाव घ्यायचे. मग टप्प्याटप्प्याने सगळीकडे एसी आली. मुंबईच्या लोकलची उरलीसुरली डीसी २०१६ मध्ये हार्बरवर संपली. मामा त्याच्या वर्षभर आधी रिटायर झाले.

तर या माणसाने हातातली बशी खाली ठेवली आणि विचारलं, “बंद करायचं म्हणतोय तो? जे ओरडतंय तेच?”

मी म्हटलं, “मामा, फॉल्स अलार्म आहे म्हणे.”

“असेल. पण रोज अकराच्या सुमारालाच कसा फॉल्स होतो?”

हा प्रश्न मला सुचायला हवा होता. मी डेटा ॲनालिस्ट आहे!

न विझणारी ठिणगी

मामांनी मग मला जे समजावलं आणि नंतर मी रात्री जागून जे वाचलं, ते सगळं मिळून असं आहे.

आपण घरात बटण बंद करतो तेव्हा कधीकधी आत निळसर ठिणगी दिसते. दोन धातू एकमेकांपासून सुटत असताना मधल्या फटीतली हवाच वीज वाहू लागते. ही पेटलेली हवा म्हणजे आर्क. तिचं तापमान हजारो अंशांत जातं, तांबं वितळतं, प्लॅस्टिकचा कोळसा होतो. घरातल्या एसी विजेत एक सोय मात्र आपोआप मिळते. आपली वीज सेकंदाला ५० फेऱ्या मारते आणि प्रत्येक फेरीत दोनदा शून्यावर येते, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा. शून्यावर आली की आर्कचा श्वास तुटतो. तो पुन्हा पेटू शकतो, पण त्याला दरवेळी नव्याने पेटावं लागतं.

डीसीला शून्य नाही. पॅनेलवर ऊन आहे तोवर वीज एका दिशेने वाहत राहते आणि एकदा धरलेला आर्क धरूनच बसतो. मामांचं वाक्य, “एसी आपोआप मरते, डीसीला मारावं लागतं.” रेल्वेच्या डीसी सबस्टेशनात त्यासाठी खास ब्रेकर असायचे. आर्कला चुंबकाने वर ढकलायचं, पत्र्यांच्या जाळीत घुसवायचं, त्याचे तुकडे करायचे, तेव्हा कुठे तो विझायचा. सोलरच्या डीसी बॉक्समधल्या चांगल्या स्विचमध्ये याच युक्तीची छोटी आवृत्ती असते. आणि म्हणूनच तिथे दोनशे रुपये वाचवायला कुणी घरातला साधा एसी एमसीबी लावला, किंवा दिशा ठरलेला डीसी एमसीबी उलटा जोडला, तर तो ऐनवेळी आर्क तोडण्याऐवजी स्वतःच पेटू शकतो.

पण मला खरा धक्का पुढच्या गोष्टीने बसला. माझी समजूत अशी की काही गडबड झाली की फ्यूज उडतो. आपण सगळे याच भरवशावर झोपतो ना? फ्यूज उडतो तो करंट फार वाढला म्हणून. आता आमच्या गच्चीवर सहा पॅनेल्स एकामागोमाग एक जोडलेली, भर उन्हात मिळून साधारण २५० व्होल्ट आणि तेराएक अँपिअर. मधला एखादा जोड सैल झाला आणि तिथे आर्क पेटला, तर करंट वाढत नाही, उलट किंचित कमी होतो! फ्यूजच्या दृष्टीने सगळं छान चाललेलं असतं. आणि सोलर पॅनेल हा असा विचित्र प्राणी आहे, की त्याच्या दोन तारा थेट एकमेकींना टेकवल्या तरी तो नेहमीपेक्षा फार तर पाच-दहा टक्के जास्त करंट देतो. त्यात कुठला फ्यूज उडणार?

साधा हिशेब करून बघा. आर्कवर ३० व्होल्ट पडले आणि १० अँपिअर वाहताहेत असं धरलं, तर ३०० वॅट झाले. २५ वॅटच्या बारा सोल्डरिंग आयर्न एका सुपारीएवढ्या जागेत टेकवून ठेवल्यासारखं. तेही पॅनेलच्या पोटाखाली, जिथे कुणी वाकून बघत नाही. आणि दिवसभराच्या युनिटमध्ये पडणारा फरक इतका थोडा, की बाबांसारख्या रोज ॲप बघणाऱ्यालाही कळू नये.

कान देऊन ऐकायचं

मग ओळखायचं कसं? मामांनी आईचा जुना ट्रान्झिस्टर मागवला. मीडियम वेव्हवर, जिथे कुठलंच स्टेशन लागत नाही अशा जागी काटा ठेवला आणि मला म्हणाले, “ट्यूबलाइटचं बटण बंद-चालू कर.” केलं. रेडिओत टक्क, टक्क! ठिणगी म्हणजे नुसता उजेड आणि उष्णता नाही, तिचा विजेतला आवाजही असतो. आर्क पेटला की तारेतला करंट थरथरतो, आणि ती थरथर एका सुरात नसते. लहान-मोठ्या सगळ्या सुरांची मिळून एक खरखर.

ही खरखर जुनी आहे बरं का. विजेचे खांबावरचे पहिले दिवे कार्बन आर्कचेच होते, आणि ते गुणगुणायचे म्हणून लोक वैतागायचे. लंडनमधल्या विल्यम डडेल नावाच्या इंजिनिअरला ती गुणगुण थांबवण्याचं काम मिळालं. थांबवता थांबवता त्याला तिचा सूर बदलता येऊ लागला आणि १९०० मध्ये त्याने आर्कवर चक्क गाणं वाजवून दाखवलं. डीसीवर चालणाऱ्या आर्कवर! सिंगल स्क्रीन थिएटरांतही एके काळी पडद्यावर जो उजेड पडायचा तो प्रोजेक्टरमधल्या कार्बन आर्कचा. म्हणजे ज्या गोष्टीची आज मला धास्ती वाटते, तिच्याच उजेडात आजोबांच्या पिढीने सिनेमे बघितले.

इन्व्हर्टरमधलं ते एएफसीआय म्हणजे हाच ट्रान्झिस्टर, फक्त हुशार. तारेवर एक सेन्सर बसलेला असतो. तो करंटची थरथर सेकंदाला लाखो वेळा मोजतो, आतली चिप तिचे सूर वेगळे करते, काही हजार हर्ट्झपासून लाखभर हर्ट्झपर्यंतच्या पट्ट्यात कुठे काय वाजतंय ते बघते. सगळ्या पट्ट्यात एकदम खरखर वाढली आणि टिकून राहिली, की समजायचं आर्क. अमेरिकेतल्या यूएल १६९९बी या मानकाप्रमाणे हे सगळं अडीच सेकंदांच्या आत व्हायला हवं. मग इन्व्हर्टर करंट ओढणं थांबवतो. करंट शून्य, आर्क विझला.

ऐकायला सोपं, करायला महाकठीण. कारण ऐकणारा ज्या खोलीत बसलाय तिथे आधीच लग्नाचा बँड वाजतोय. इन्व्हर्टर स्वतः डीसीची एसी करताना सेकंदाला हजारो वेळा स्विच मारतो, त्याचा गोंगाट त्याच पट्ट्यात. गच्चीवरच्या लांब तारा अँटेनासारख्या, शेजारच्या इन्व्हर्टरचा आवाजही त्या पकडतात. ढग आले, करंट एकदम बदलला. कान फार तिखट ठेवले तर नसलेले आर्क ऐकू येतात, बोथट ठेवले तर असलेला निसटतो. जगभरचे इंजिनिअर गेली पंधरा-वीस वर्षं याच तारेवरून चालताहेत, आता मशीन लर्निंगही आलंय. तेव्हा फॉल्स अलार्म असतो, हे त्या पोराचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं.

आणि या यंत्रालाही मर्यादा आहे. आर्क एकाच तारेतल्या तुटक्या जोडात असेल तर इन्व्हर्टर बंद झाल्यावर तो विझतो. पण प्लस आणि मायनस तारा शेजारी शेजारी असतील, खारीने किंवा उंदराने दोन्हींचं आवरण कुरतडलं असेल आणि त्या दोघींच्या मध्ये आर्क पेटला, तर इन्व्हर्टर बंद करून उपयोग नाही. पॅनेल त्या आर्कला थेट वीज पुरवत राहतात. सूर्याला स्विच नाही. त्यामुळे तारा नीट पाइपातून आणि शक्यतो वेगवेगळ्या नेणं, हे काम कुठलीच चिप करून देत नाही.

हे सगळं जगाला फुकटात कळलेलं नाही. ५ एप्रिल २००९ ला कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डमध्ये टार्गेट या दुकानाच्या छतावरच्या सोलरला आग लागली. एका तारेतला दोष आधीपासून दडून बसला होता, फ्यूजला तो दिसलाच नाही. दुसरा दोष आला आणि छतावर आर्क पेटले. २०११ च्या अमेरिकन विद्युत संहितेने ८० व्होल्ट आणि त्यावरच्या, इमारतीवरच्या सोलरला डीसी आर्क ओळखणारं संरक्षण सक्तीचं केलं. २०१९ मध्ये सात दुकानांच्या छतांवर आगी लागल्याचा आरोप करत वॉलमार्टने टेस्लाला कोर्टात खेचलं, त्याच वर्षी दोघांत तडजोड झाली. आणि २०२३ मध्ये आयईसी ६३०२७ हे आंतरराष्ट्रीय मानक आलं. आमच्या कोटेशनमध्ये यातल्या कशाचंच नाव नव्हतं. पॅनेलची पंचवीस वर्षांची वॉरंटी मात्र ठळक अक्षरात.

चौथ्या पॅनेलखाली

तर बटण मी दाबलं नाही. मामांनी सांगितल्याप्रमाणे आधी इन्व्हर्टरचा एसी ब्रेकर पाडला, मग डीसी आयसोलेटर फिरवला आणि पोराला फोन केला, “सेटिंग राहू दे, तू ये.” वर जाऊन कुठलाही जोड हाताने ओढायचा नाही, हे मामांनी मला तीनदा बजावलं. चालू करंटमध्ये सोलरचा प्लग ओढणं म्हणजे आपल्याच हातात आर्क पेटवणं. प्लगवर तसं लिहिलेलंही असतं, मुंगीएवढ्या अक्षरांत.

बुधवारी सकाळी सातला पोरगा आला, ऊन चढायच्या आत. मामा त्याच्या मागे, बाबा मामांच्या मागे, मी हाफ डे टाकून सगळ्यांच्या मागे. मीटर लावला, करंट वाहत नाही याची खात्री केली, मग एकेक पॅनेलखाली टॉर्च मारत गेला. तिसऱ्यापर्यंत काही नाही. चौथ्याखाली वाकला आणि तसाच थांबला.

वास मला आधी आला. जळक्या प्लॅस्टिकचा, थोडा माशासारखा.

जोडाचं काळं प्लॅस्टिक एका बाजूने फुगून तपकिरी झालं होतं. दोन अर्धे दोन वेगळ्या कंपन्यांचे. बाहेरून जुळ्या भावांसारखे, आत मापात केसाएवढा फरक. शिवाय एका बाजूच्या तारेचं क्रिम्पिंग साध्या पकडीने दाबलेलं, त्यासाठीचं खास हत्यार न वापरता. सकाळी थंडीत जोड कसाबसा धरून राहायचा. अकराच्या सुमाराला धातू तापला, करंट चढला, की फट पडायची आणि खरखर सुरू. अलार्मचं वेळापत्रक तिथे मिळालं.

आणि त्या जोडाच्या खाली, वीतभर अंतरावर, कबुतराचं घरटं. वाळलेल्या काड्या, सुतळी, कुणाच्या तरी झाडूचे हीर. आत दोन अंडी. त्याच्या पलीकडे आईची खाट.

कुणी काही बोललं नाही. पोरगा सगळ्यात आधी बोलला. “ताई, हा जोड मी नाही केला, माझ्या हेल्परने केला.” मग दोन मिनिटांनी, खाली बघत, “मी चेक करायला पाहिजे होता.” त्याचा मला राग आला नाही असं नाही. पण महिन्याला वीस गच्च्या करायच्या, सबसिडीची घाई, गिऱ्हाईक प्रत्येक हजारासाठी घासाघीस करणार, आणि त्या गिऱ्हाइकांत आमचे बाबा पहिल्या नंबरवर! खास क्रिम्पिंगचं हत्यार आणि एकाच कंपनीचे जोड, एवढ्यानेही हे टळलं असतं. फरक काही शेकड्यांचा. त्याने सगळे बारा जोड त्या दिवशी नव्याने केले, मामांच्या नजरेखाली. घासाघीस झाली नाही.

तुमच्या गच्चीवर किंवा सोसायटीच्या टेरेसवर सोलर असेल, किंवा बसवायचं घाटत असेल, तर विक्रेत्याला विचारा, की इन्व्हर्टरला डीसी आर्क ओळखण्याची सोय आहे का आणि बसवताना ती चालू केली का. काही इन्व्हर्टरमध्ये ती असते पण निजलेली असते. जोड सगळे एकाच कंपनीचे आहेत का, तेही विचारा. हे प्रश्न ऐकून समोरचा गडबडला तर आणखी एक कोटेशन मागवा. ज्यांना पॅनेलमागे एकेक छोटा मायक्रोइन्व्हर्टर परवडतो, त्यांच्या गच्चीवर डीसीचं व्होल्टेज मुळातच पन्नासच्या आसपास राहतं आणि आर्कला तग धरणं अवघड जातं. पण ते महाग आहेत. आमच्या बाबांनी किंमत ऐकूनच फोन ठेवला.

घरटं अंड्यांसकट उचलून पाण्याच्या टाकीच्या सावलीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी कबुतरीण तिथे गेली नाही. चार दिवसांनी पुन्हा चौथ्या पॅनेलखालीच काड्या दिसायला लागल्या, तेव्हा बाबांनी जाळी मारून घेतली. ॲप त्यानंतर एकदाच ओरडलं, जूनमध्ये, पहिल्या वळवाच्या दिवशी. आम्ही सगळं बंद केलं, पोरगा आला, एकेक जोड तपासला, काही निघालं नाही. खराखुरा फॉल्स अलार्म. बाबांनी त्याला चहा पाजून पाठवला, तीनशे रुपयेही दिले.

तो जळका जोड बाबांनी सुपारीच्या जुन्या डबीत घालून टीव्हीशेजारी ठेवलाय. परवा समोरच्या बंगल्याच्या गच्चीवर सांगाडा चढताना दिसला. बाबांनी चप्पल घातली, डबी शर्टाच्या खिशात टाकली आणि रस्ता ओलांडून गेले.